इंजिन मागे गेलं

"वहिनी, ताम्हण टाका आणि मागे व्हा," ते म्हणाले. ओरडले नाहीत. गाडीचं नाक पेटलं होतं आणि त्यांची मुलगी आत बसलेली होती.

मी ताम्हण टाकलं. हळदकुंकू, अक्षता, सुपारी सगळं त्यांच्या अंगणातल्या फरशीवर पसरलं. शेगडीचा गॅस सोडून काडी उशिरा लावली की भप्प होतं, तसा आवाज झाला होता. आधी निळसर काहीतरी नाकावरून पळालं, मग पिवळा जाळ उठला आणि त्यामागून काळा, चिकट धूर आला. मुलगी आतून दाराचं बटण दाबत होती. दार उघडत नव्हतं. काचेआड तिचं तोंड हलताना मला दिसत होतं, आवाज येत नव्हता.

दसऱ्याची सकाळ होती. गल्लीत सगळीकडे स्कूटर धुऊन हार घालून उभ्या होत्या.

पुढे काय झालं ते सांगते. पण हा माणूस कोण होता ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्यांना नुसता वेडा समजाल. वेडे ते होतेच. पण कसे, ते कळलं पाहिजे.

लखनौच्या अलीगंजमध्ये त्यांचं घर आणि आमचं घर यांत एकच भिंत. ते अकोल्याकडचे, आम्ही मिरजेचे. आमचे हे बँकेत, बदली होऊन लखनौला आले आणि इथेच राहिले. ते एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर. मला चौथीपर्यंत शाळा. कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायचे, साड्यांना फॉल लावायचे, असं माझं चाललं होतं. मी त्यांना भाऊजी म्हणे, ते मला वहिनी.

त्यांची एक खोड तुम्ही पाहिली असती तर तुम्हालाही हसू आलं असतं. बोलता बोलता ते समोरच्या वस्तूवर पालथा तळवा ठेवत, डोळे मिटत आणि हात हळूहळू सरकवत नेत. टेबल असो, फ्रिजचं दार असो, माझ्या शिलाई मशीनचं झाकण असो. मधेच हात थांबे आणि म्हणत, "इथे लाट आहे." म्हणजे पत्रा किंवा लाकूड तिथे सपाट नाही, किंचित उठलंय. आपल्याला ते दिसायचं नाही. एकदा आमच्या ह्यांच्या टकलावर त्यांची नजर गेली तेव्हा मी म्हटलं, "भाऊजी, तिथे नको, तिथे समुद्रच आहे." आमचे हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

कारखान्याने त्यांना तरुणपणी काही महिने अमेरिकेला शिकायला पाठवलं होतं. तिथे त्यांनी एक मोटार पाहिली. कॉर्व्हेट तिचं नाव. लोक तिथून सेंट, घड्याळं, डबे घेऊन आले, भाऊजी त्या मोटारीचे फोटो घेऊन आले. तिचं अंग पत्र्याचं नसतं, काचेच्या धाग्याचं असतं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. काचेच्या धाग्याची चटई अंथरायची, तिच्यावर चिकट रसायन ओतायचं, वाळलं की दगडासारखं होतं. आणि जे ओतून करता येतं ते घरी करता येतं, असं त्यांच्या डोक्याने घेतलं.

एका जुन्या, देशी मोटारीचा सांगाडा त्यांनी विकत घेतला. अंगणात ताडपत्री बांधली. मग एक दिवस कागदाचे मोठाले तुकडे आणि काचेच्या चटईची गुंडाळी घेऊन माझ्याकडे आले.

"वहिनी, तुम्ही बेतता कसं?"

"कशाचं?"

"ब्लाउजचं. सपाट कापडाचं गोल कसं करता?"

मी सांगितलं, टक्स घालायचे, तिरपं कापायचं, जिथे फुगा हवा तिथे कापड सोडायचं. ते लहान पोरासारखे ऐकत होते. तेव्हापासून त्या गाडीचं प्रत्येक अंग मी बेतलं आहे. हाताला खोबरेल तेल चोपडून, वर पावडर मारून बसायचं, तरी काचेची कुसळं आठवडाभर टोचत. मी त्या गाडीला गाडी म्हणत नसे. "तुमचं ते" म्हणत असे.

पहिलं अंग झालं तेव्हा ते लांब नाकाचं होतं आणि पुढचे दिवे नाकात झोपलेले. बटण दाबलं की दिवे गिरकी घेऊन वर यायचे. त्यांनी त्याला वायपरच्या मोटरी लावल्या होत्या. हिवाळ्यात धुक्यात एकदा ते गाडी काढून गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि एकच दिवा उठला. समोरून दूधवाला सायकलवर येत होता, त्याला वाटलं स्कूटर आहे. तो गाडीच्या रुंदीत आला आणि भिंतीला घासत वाचला. दुधाचा कॅन पालथा झाला. "भैया, ये क्या बला है?" तो विचारत राहिला. भाऊजी खाली उतरून त्याचा गुडघा पाहण्याआधी दिव्याजवळ गेले. त्यांच्या बायकोने ते पाहिलं. ती त्या रात्री जेवली नाही.

बायको पुढे आजारी पडून गेली. मुलगी तेव्हा शाळेत होती.

तिकडे अमेरिकेत गाडी बदलत राहिली आणि इकडे भाऊजी बदलत राहिले. आपल्याकडे नवीन मॉडेल आलं की लोक जुनं विकून नवीन घेतात. भाऊजींना नवीन मिळणार नव्हतंच. म्हणून तिकडे नवी पिढी निघाली की इकडे अंगणात जुनं अंग करवतीने कापून काढायचं आणि नवं चढवायचं. खालचा सांगाडा तोच.

दुसरी आली ती मागून रुंद. "वहिनी, कंबर बारीक आणि मागे भरली आहे."

"बाईची असती तर उसवून दिली असती. ही फाडून नवीच बेतावी लागेल."

तिसरीत दिवे झोपेनासे झाले. उघडेच, काचेखाली. यावर ते फार नाराज होते. कितीतरी दिवस मोटरी हातात घेऊन बसत. "उठायचे दिवे काढले. ही गाडीची ओळख होती." मी म्हटलं, "दूधवाल्याला बरं वाटेल." ते हसले नाहीत. पण शेवटी त्यांनीही दिवे उघडे बसवले. तिकडे जे झालं ते इकडे झालंच पाहिजे, आवडो न आवडो. असं का, म्हणून मी विचारलं होतं. म्हणाले, "आवडेल तेवढंच करायचं तर मग ती माझी गाडी होईल. ती नको आहे मला."

ही तिसरी घेऊन ते लखनौबाहेर, बख्शी का तालाबच्या पुढे एका ओळखीच्या माणसाच्या आंब्याच्या बागेत जात. असल्या गाडीला रस्त्यावर परवानगी नाही, म्हणून लोडरवर, मालवाहू टेम्पोवर, चढवून न्यायची आणि बागेतल्या कच्च्या वाटेवर चालवायची. मुलगी तेव्हा कॉलेजात. एकदा तिला शेजारी बसवून घेऊन गेले. मीही गेले होते, बागवाल्याच्या बाजेवर बसून पाहत होते. जाताना ठीक गेली. येताना वेग घेतला आणि ब्रेक लागलाच नाही. गाडी वाट सोडून झाडांत घुसली, एका बुंध्याला घासली आणि पाण्याच्या चरावर पुढची चाकं लोंबत थांबली. मुलीच्या कपाळातून रक्त येत होतं. टाके पडले.

दवाखान्यातून परत येताना ती एवढंच बोलली, "पापा, मैं इसमें दोबारा नहीं बैठूँगी।"

त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "वहिनी, तिच्या बाजूच्या सीटला नवा पट्टा शिवायचा आहे. रुंद."

"ती बसणार नाही म्हणाली."

"पट्टा तर हवा."

मला त्यांचा राग आला होता. आजही आहे. आईवेगळ्या पोरीने बापाकडून दुसरं काय मागायचं? त्या घरात मग वेगळीच शांतता आली. तिला मराठी समजायचं, उत्तर ती हिंदीत द्यायची, आता तेही कमी झालं. ताडपत्रीकडे तोंड करून ती चहासुद्धा प्यायची नाही. चौथी पिढी आली, मागचे गोल दिवे जाऊन चौकोनी झाले, तिकडे लोक म्हणे भांडले त्यावरून. भाऊजी वर्षभर त्या चौकोनी दिव्यांचे फोटो पाहत "लाट आहे, वहिनी, ह्यात लाट आहे" म्हणत राहिले आणि शेवटी त्यांनी तेही केलं. मुलगी बाहेर येऊन बघायला तयार नव्हती. शेजाऱ्यांनी रसायनाच्या वासावरून तक्रार केली, तेव्हा तिने दार उघडून त्यांना सांगितलं, "सही बोल रहे हैं आप।"

मग ते निवृत्त झाले आणि तिकडे पाचवी निघाली. म्हणजे आमच्या इकडची पाचवी. तिकडच्या हिशोबाने आठवी, कारण भाऊजींनी सुरुवातच त्यांच्या चौथीपासून केली होती.

तो फोटो घेऊन ते धावतच आले. इंजिन पुढून काढून माणसाच्या पाठीमागे नेलं होतं. नाक आखूड झालं होतं, माणूस पुढे सरकला होता. मला त्यात एवढं काय ते कळेना. मग त्यांनी सांगितलं की तिकडचा एक म्हातारा इंजिनिअर अर्धं आयुष्य 'इंजिन मागे न्या' म्हणत होता, कुणी ऐकलं नाही, आणि ते होण्याआधी तो गेला.

"तुम्हालाही जायचंय का होण्याआधी?" मी विचारलं.

"म्हणून तर घाई आहे."

या वेळी नुसतं अंग बदलून भागणार नव्हतं. सांगाडा कापला, जोडला. इंजिन मागे बसवलं. मागे जागा उरली नाही, म्हणून पेट्रोलची टाकी पुढे आली, नाकाखाली, जिथे इतकी वर्षं इंजिन होतं. बॅटरीही तिथेच शेजारी. टाकीचं तोंड नाकावर एका छोट्या झाकणाखाली. त्या झाकणाचं रबर यायचं होतं. दाराला बाहेर मूठ नाही, आत बटण. बटणाला वीज मिळाली की कुलूप सुटणार. वीज गेली तर सीटखाली एक नवारीची पट्टी, ती ओढायची. ती पट्टी मीच शिवली. खिडक्यांच्या काचा खाली जात नव्हत्या, जाड प्लास्टिकच्या, कायमच्या बसवलेल्या. छताचा मधला तुकडा काढता येणारा. त्याच्या दोन कड्यांपैकी एकच लागली होती.

नवं अंग झालं की त्याची पहिली पूजा दसऱ्याला, हा त्यांचा नेम. गाडीच्या नाकावर कुंकवाचं स्वस्तिक, हार, चाकाखाली लिंबू, आणि नाकावर निरांजन. यंत्राची पूजा यंत्राजवळ, असं ते म्हणत. चारही अंगांची पूजा अशीच झाली होती. ताम्हण धरायचं काम बायको गेल्यापासून माझं.

मुलीला पुण्यात नोकरी लागली होती. दिवाळीनंतर ती जाणार होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी तिला विचारलं, माझ्यासमोर.

"उद्या पूजेला आत बसशील? चालवणार नाही. इंजिनसुद्धा सुरू करणार नाही. नुसती बस."

तिने ताडपत्रीकडे पाहिलं. मग म्हणाली, "खड़ी रहेगी न?"

"जागची हलणार नाही."

"ठीक है। पूजा तक।"

ते आत गेले आणि मला भिंतीपलीकडून नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ तोंड धूत होते.

सकाळी त्यांनी कॅनमधून पेट्रोल भरलं. पूजेनंतर बागेत न्यायची होती, एकट्याने. थोडं सांडलं, ते फडक्याने पुसलं. मग अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आले. मुलगी साडी नेसली होती. ती आत बसली, त्यांनी स्वतः दार लावलं, तिचा पट्टा नीट आहे ना हे काचेतून पाहिलं. मी ताम्हण धरलं. त्यांनी कुंकू लावलं, हार घातला, आणि ताम्हणातलं पेटलेलं निरांजन उचलून नाकावर ठेवलं. नेहमीच्या जागी.

ज्या माणसाने टाकी स्वतःच्या हाताने पुढे आणली, त्याच माणसाने. चार वेळा जिथे ठेवलं तिथेच हात गेला.

आता सुरुवातीला सांगत होते ते.

जाळ उठला, मी मागे झाले, ते पुढे गेले. आधी दाराशी. मूठ नाही. आतल्या बटणाची वायर पहिल्या क्षणालाच जळाली होती. ते काचेवर हात मारून ओरडत होते, "पट्टी ओढ, सीटखालची पट्टी." तिला ऐकू येत नव्हतं. ती बटणच दाबत होती, दोन्ही अंगठ्यांनी. त्यांनी लाथ मारली, काच नुसती लवली. आमच्या समोरचे मिश्राजी बादली घेऊन आले आणि पाणी फेकलं, त्याने जाळ पसरला. "पानी नहीं," भाऊजी म्हणाले, "मिट्टी, मिट्टी।" आतला धूर आता पायांकडून वर येत होता. मला तिची साडी दिसत होती, तोंड दिसेनासं झालं.

मग ते छतावर चढले. सदुसष्ट-अडुसष्टचा माणूस, धोतरात. छताच्या तुकड्याची जी बाजू नुसती टेकलेली होती तिच्यात त्यांनी बोटं घातली आणि ओढलं. दुसऱ्या बाजूची लागलेली कडी अंगासकट उपटून आली. आतला सगळा धूर त्या भोकातून त्यांच्या तोंडावर आला. ते बाजूला झाले नाहीत. कमरेपर्यंत आत वाकले, डोकं खाली, आणि सीटखाली हात घातला.

दार उघडलं. ती पट्ट्यात अडकलेली होती. मी जाऊन कमरेला नेहमी खोचलेली शिवणाची कात्री काढली आणि पट्टा कापला. मीच शिवलेला, दुहेरी शिवणीचा, लवकर कापेना. कापला. तिच्या दंडाला धरून मी तिला बाहेर खेचलं, फरशीवरून फरफटत गेटपर्यंत नेलं. मागे वळून पाहिलं तर ते अजून तसेच आत वाकलेले. मिश्राजींनी आणि त्यांच्या भाडेकरूने पाय धरून त्यांना ओढून काढलं. ते स्वतःच्या पायांनी चालत ओट्यापर्यंत आले, बसले आणि म्हणाले, "तिला बघा." हात भाजले होते, भुवया गेल्या होत्या. मला वाटलं, निभावलं.

गाडी दुपारपर्यंत जळत होती. काचेच्या धाग्याचं अंग कसं जळतं ते मी सांगत नाही.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, बाहेरचं भाजणं कमी आहे, आतलं जास्त. तो रसायनाचा धूर छातीत गेला होता. पहिले काही दिवस ते बोलत होते, तुटक. मुलगी पलंगाशी बसलेली, हाताला बँडेज. ती कुणाशी बोलत नव्हती, जेवत नव्हती. अकोल्याहून त्यांचे एक भाऊ आले, ते येईल त्याला विचारत होते की आग लागली कशी. एक दिवस तिने सगळ्यांदेखत सांगितलं, "मैंने बटन दबाया था। उसी से चिंगारी निकली।"

हे ती इतके दिवस मनात घेऊन बसली होती.  कुणी "नाही" म्हणालं नाही. माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

पलंगावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, दिवा कोणी ठेवला?" त्यांना खरंच आठवत नव्हतं.

भावाने मला डोळ्याने खूण केली, आजारी माणसाला काही बोलू नका म्हणून. मी ती पाहिली.

"तुम्ही," मी म्हटलं. "ताम्हणातून उचललात आणि टाकीच्या झाकणाशी ठेवलात. भप्प झालं ते तेव्हा. बटण तिने नंतर दाबलं, आग लागलेली पाहून. मी समोर उभी होते."

"काकू, प्लीज," मुलगी म्हणाली.

"प्लीज काय? जे झालं ते झालं. तू नाही केलंस."

 त्यांची छाती वर-खाली होत होती, आवाज करत. भाऊ रागाने बाहेर गेले. मग त्यांनी हात तिच्याकडे सरकवला, बँडेज बांधलेला.

"ऐकलंस ना," ते म्हणाले. "टाकी मी पुढे आणली. दिवा मी ठेवला. काकू खोटं बोलत नाहीत."

ती पहिल्यांदा रडली. त्यांच्याशी मराठीत बोलली, मोडकं. काय बोलली ते मी ऐकलं नाही, बाहेर येऊन बसले. माझं काम झालं होतं.

त्यानंतर त्यांना नळी घातली आणि बोलणं बंद झालं. दिवाळीच्या आधी ते गेले. भावाने माझ्याशी शेवटपर्यंत बोलणं ठेवलं नाही. ठेवू नये. मुलगी पुण्याला गेली, उशिरा, पण गेली. हाताची कातडी आता ताणत नाही म्हणते. फोन करते तेव्हा तब्येत विचारते, मी तिची विचारते.

त्या सकाळी गाडीशी आम्ही तिघं होतो. मुलगी वाचली. मी वाचले. ते नाही वाचले.